तर्री येऊ नये म्हणून

"माझी पोरगी नागपुरात राहून तर्रीच्या विरोधात नोकरी करते," असं माझे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. तिथे सॅलडवर ओतायची ड्रेसिंग तयार होतात. तेल, पाणी, व्हिनेगर, मोहरी, मीठ, साखर. हे सगळं बाटलीत एकजीव राहिलं पाहिजे, आणि बाटली वाकडी केली की त्याची सरळ धार लागली पाहिजे. तेल सुटून वर येऊन बसलं की दुकानदार माल परत पाठवतो. ते वर येऊ नये हे पाहणं माझं काम. आणि आमच्या नागपुरात पोह्यांवर तर्री, म्हणजे रश्श्यावरचं लाल तेल, दिसली नाही तर माणूस पुढच्या टपरीवर जातो.

"लोक रश्श्यावर तेल यावं म्हणून जीव टाकतात, आणि तुले ते न येण्याचा पगार भेटते," बाबा म्हणायचे. "धन्य आहे बाप्पा."

मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. मी म्हणायची, "बाबा, तुमची तर्री म्हणजे बिघडलेलं ड्रेसिंग आहे. आमच्याकडे असा रस्सा गेटच्या बाहेर जाणार नाही." मग ते माझ्याकडे न बघता आईला म्हणायचे, "इच्या वाटीत तर्री नको टाकू वं, इची नोकरी जाईल."

बाबा सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. जन्मात त्यांनी दोनच गोष्टींवरून आवाज चढवला असेल. एक, फायलीवर पडलेला चहाचा डाग. दुसरी, रविवारच्या पाटवडीच्या रश्श्यावर कमी पडलेली तर्री. पाटवडी म्हणजे बेसनाच्या घट्ट शिजवलेल्या वड्या, आणि सोबत सुकं खोबरं, खसखस, कांदा भाजून वाटलेला काळा, झणझणीत रस्सा. आईचं माहेर कळमेश्वरच्या पलीकडचं, शेतकऱ्याचं. तिच्या हातचा रस्सा उकळून शांत झाला की वर लालभडक थर यायचा, आणि बाबा तो चमच्यानं बाजूला सारून आधी नुसता बघायचे.

मागच्या वर्षी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. देवाची कृपा म्हणा, की आईनं वेळ न घालवता दवाखान्यात नेलं म्हणून म्हणा, पण पाय परत आला, हातही बराच आला, बोलणं जड पण समजेल असं झालं. गिळणं मात्र आलं नाही. पाणी प्यायले की ठसका लागायचा. पाणी पोटात न जाता छातीत जात होतं. म्हणून नाकातून नळी घातली, आणि त्या नळीतून सगळं पोटात. माणूस जेवतो आहे आणि त्याला चव नाही, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आई त्या नळीत गाळलेलं वरण सोडायची आणि सवयीनं विचारायची, "मीठ बरोबर आहे ना?"

घरी आल्यावर डॉक्टरांनी नळी काढून पाहायचं ठरवलं. गिळण्याचा व्यायाम शिकवायला एक मॅडम घरी यायच्या, वयानं माझ्याहून लहान, पण बोलणं पक्कं. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. बाबांना पातळ काही द्यायचं नाही. मधासारखं दाट, आणि सगळं एकसारखं. पाणी वेगळं, चोथा वेगळा असा पदार्थ नको, कारण तोंडात सुटलेलं पाणी आधी पळतं आणि चुकीच्या वाटेला जातं. महिनाभर असं जेवण पोटभर गेलं, वजन टिकलं, ठसका लागला नाही, तर नळी कायमची गेली. नाहीतर पुन्हा नळी, आणि या वेळी नाकातून नाही, पोटाला भोक पाडून थेट आत.

मॅडम गेल्यावर बाबांनी कूलर बंद करायला लावला. मग एकेक शब्द जोडत म्हणाले, "मले... पुन्हा... नळी... नको." मी म्हटलं, नाही घालू देणार. शब्द देऊन बसले, आणि तो पाळायचा कसा हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दवाखान्यातून दाटपणा आणायची पावडर मिळाली होती. ती सरबतात कालवली की त्याची खळ व्हायची, भिंतीला पोस्टर चिकटवतात तसली. बाबांनी दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी चमचा हातानं दूर केला. वरणात घातली, दुधात घातली, नाही म्हणजे नाही. माझा बाप साधा माणूस, पण खाण्याच्या बाबतीत संस्थानिक. तो उपाशी राहील, खळ खाणार नाही. आणि इकडे वजनाचा काटा उतरायला लागला होता.

आई त्या दिवसांत घरात एकच पातेलं चढवायची, बाबांना जमेल ते. तेच ती खायची. फोडणीचा वास आमच्या प्रताप नगरच्या घरातून गेला होता. मी दोन गल्ल्या सोडून राहते, ड्यूटीवरून आले की आधी तिकडे जायची, आणि दारातच कळायचं की आज काहीच तडतडलेलं नाही. मी चिडायची. "आई, तू काहून फिकं खाते? तुझ्यासाठी वेगळं कर ना." ती म्हणायची, "दोघाचे दोन पातेले कोण घासत बसन? मले भूक नाही राहत वं."

शेवटी मी बाबांना विचारलं, काय खाल? ते हसले. तोंड अजून एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे हसणं खट्याळ दिसायचं. म्हणाले, "रस्सा."

मी मनात म्हटलं, ठीक आहे. तेल, पाणी, चोथा, आणि सगळं एकजीव, ओतलं की धार लागेल असं. हाच तर माझा धंदा आहे.

धंदा खरा, पण कारखान्यात माझ्या हाताशी जोरात घुसळणारं यंत्र असतं, आणि झँथन नावाचा गोंद असतो. चिमूटभर पाण्यात घातला की बाटली उभी असेपर्यंत सगळं जागच्या जागी थांबतं, आणि ओतली की मुकाट वाहतं. मी तो गोंद आणते म्हटलं, तर आई पदर खोचून उभी राहिली. "कारखान्यातली पावडर माझ्या गॅसवर नाही चढत. एक पावडर पाहिली त्याइनं आन् तोंड फिरवलं. आता घरातल्या जिनसा घे आन् काय करायचं ते करजो."

मग घरातल्या जिनसा घेतल्या. मॅडमना विचारून तिखट अगदी नावाला ठेवलं. रस्सा आईनंच केला, पुढचं मी. तेल वर येतं कारण थेंब मोठे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं कुणी नसतं. म्हणून तेल शेवटी एकदम न ओतता मिक्सर चालू ठेवून अगदी बारीक धारेनं सोडलं. थेंबांनी एकमेकांत मिसळू नये म्हणून मोहरीची पूड घातली. तिचा बुळबुळीतपणा तेलाच्या थेंबाभोवती बसतो. आणि पाणी जरा जड व्हावं, थेंबांना वर पळायला जागाच राहू नये, म्हणून तांदळाची पिठी आणि बेसन लावून नीट शिजवलं. शेवटी बारीक चाळणीतून गाळून घेतलं. पहिल्या दोन खेपा फसल्या. तिसरी खेप वाटीत ओतली तर अशी धार पडली की मी कारखान्यात असते तर पेढे वाटले असते. काचेच्या ग्लासात भरून दिवसभर खिडकीत ठेवला. नागपूरच्या मे महिन्यातली खिडकी म्हणजे तपासणीची भट्टीच. रस्सा ढिम्म हलला नाही. वर तेल नाही, खाली चोथा नाही.

बाबांनी पहिला चमचा घेतला, हनुवटी छातीला लावून मॅडमनी शिकवलं तसं गिळलं, आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसरा. आईनं हळूच माझा दंड धरला. अर्धी वाटी झाली, आणि बाबांना ठसका लागला.

साधा ठसका नव्हता. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी, मी पाठ चोळते आहे, आई देवाचं नाव घेते आहे. निवळल्यावर मी वाटीत पाहिलं. कडेनं पाणी सुटलं होतं आणि वर तेलाचे लहान लहान डोळे तरंगत होते. बाबांनीही पाहिलं. धापा टाकत म्हणाले, "आली... पाह्य. तर्री."

मला हसू नाही आलं. खरं सांगायचं तर संताप आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. कारण पातेल्यात उरलेला रस्सा जसाच्या तसा होता. ग्लासातला होता. फक्त बाबांच्या वाटीतला फुटला होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पहिले घास बिनबोभाट, आणि अर्ध्यावर पाणी. आम्ही मग अर्ध्या वाटीवर थांबायला लागलो, आणि अर्ध्या वाटीवर माणूस जगत नाही. आईनं निदान काढलं, वाटी चांगली नाही. स्टीलची गेली, चांदीची आली, तिच्या लग्नातली. चांदीच्या वाटीतही रस्सा फुटला. मग तिनं मीठमोहऱ्या घेऊन बाबांची दृष्ट काढली. मी म्हटलं, "बाबांची काढली, आता रश्श्याची पण काढ." ती म्हणाली, "काढते, तुले काय त्रास?" आणि खरंच पातेल्यावरून मूठ ओवाळली.

माझं निदानही तिच्याहून फार शहाणं नव्हतं. बाबा सावकाश जेवतात, तोवर रस्सा थंड होतो म्हणून फुटत असेल, असं मी धरलं. वाटी गरम पाण्यात ठेवून पाहिली, उपयोग नाही. मग कारखान्यात करतो तसं केलं. त्याच पातेल्यातला रस्सा दुसऱ्या वाटीत घेतला, तेवढाच, तितकाच गरम, आणि ती वाटी बाबांच्या वाटीशेजारी ठेवली. तिला कुणी हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं. बाबांची वाटी फुटली. शेजारची शांत बसून राहिली. असे दिवस चालले होते, मॅडम दर आठवड्याला वजन घेत होत्या आणि काट्याकडे पाहून ओठ मिटत होत्या. शेवटच्या वेळी जाताना त्यांनी दारात मला सांगितलं, "अजून असंच राहिलं तर आपल्याला नळीचा विचार करावा लागेल." बाबा आत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं मी धरून चालले.

त्या दिवशी मी कारखान्यातून आले ती उपाशीच. दिवसभर एका ऑर्डरच्या मागे होते, डबा तसाच राहिला होता. आई बाबांना भरवत होती, मी शेजारच्या वाटीवर पहारा द्यायला बसले. बाबांच्या वाटीत नेहमीसारखं पाणी सुटायला लागलं, आईनं चमचा थांबवला. मी चरफडत समोरची वाटी उचलली आणि खायला लागले. विचार वगैरे काही नाही, भूक. तीनचार चमचे खाल्ले असतील, तेवढ्यात बाहेर शेजारीण बाबांची चौकशी करायला आली. तिच्याशी फाटकाशी उभं राहून बोलले, ती बोलणाऱ्यातली, मग परत आले. वाटीत चमचा घातला तर चमच्यावरून पाणी ओघळलं.

माझ्या वाटीत. कडेनं पाणी, वर तेलाचे डोळे.

मी वाटी हातात धरून उभीच राहिले. इतके दिवस जिला कुणी हात लावला नाही ती फुटली नव्हती. आज तिच्यात काय पडलं? माझा चमचा पडला. तोंडातून निघालेला चमचा.

शाळेत शिकवतात ना, पोळीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोड लागतो, कारण लाळ पीठ पचवायला लागते. तीच लाळ. प्रत्येक घासाबरोबर चमच्याला लागून वाटीत जात होती, आणि वाटीतच पीठ पचवत होती. पिठाचा दाटपणा गेला की पाणी मोकळं, आणि पाणी मोकळं की तेल वर. बाबांना दोन घासांमध्ये वेळ लागायचा, म्हणजे लाळेला कामाला भरपूर अवधी. मी ती दवाखान्याची पावडर काढून पाहिली, तर डब्यावर मक्याचं पीठच लिहिलं होतं. तीसुद्धा अशीच फुटली असती.

मी आईला सांगितलं. तिनं बाबांच्या वाटीतला चमचा उचलून पाहिला. "म्हणजे उष्टा चमचा?" ती म्हणाली.

"उष्टा चमचा."

आमच्या घरात उष्टं हा जन्मठेपेचा गुन्हा होता. लहानपणी मी चाखलेला चमचा परत भाजीत घातला तर आई तो माझ्याच डोक्यात घालायला कमी करायची नाही. लोणच्याच्या बरणीजवळ तर ओला हातही चालायचा नाही. कारखान्यात माझीही तीच ख्याती. चव पाहायला घेतलेला चमचा दुसऱ्यांदा नमुन्यात बुडवलेला मी खपवून घेत नाही. आणि आम्ही दोघी, एक घरातली, एक कारखान्यातली, इतके दिवस एकच चमचा बाबांच्या तोंडातून वाटीत आणि वाटीतून तोंडात फिरवत होतो. कारण काय, तर वाटी त्यांचीच आणि चमचाही त्यांचाच. आपल्याच वाटीत आपलंच उष्टं धरतो कोण?

आई मटकन खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. "अवं, तू लहान असतानी तुझं खिमट अर्धं राह्यलं का वाटीत पाणी होऊन जाय. मले वाटे, गुरगुट्या भात आहे, पाणी सुटनच." हसता हसता तिचे डोळे भरले. मग पदरानं पुसून उठली, आणि घरातले होते नव्हते तेवढे सगळे चमचे काढले. रोजचे, पाहुण्यांचे, लग्नात आलेले खोक्यातले, माझ्या बारशाचा चिमुकला सुद्धा. घासून एका पितळी गडव्यात उभे केले.

दुसऱ्या दिवसापासून तीच रीत. एका घासाला एक चमचा. तो तोंडातून बाहेर आला की परातीत. पुढच्या घासाला नवा. अर्ध्या वाटीचा टप्पा आला तेव्हा आईनं आधी वाटीत वाकून पाहिलं. बाबांनी घेतला घास. गिळला. पुढचाही गिळला. तळाशी पोचलो तरी रस्सा धार लागेल असाच होता. सगळी वाटी गेली, आणि ठसका नाही. बाबा परातीतला ढीग पाहून म्हणाले, "पंगत... उठली का?"

मॅडमना सांगितलं, त्यांनी हसून मान हलवली आणि महिना नव्यानं मोजायला घेतला. त्या म्हणाल्या, तुमच्या कारखान्यातला तो गोंद वापरला तर हे चमचे घासायचे कष्ट वाचतील, त्याला लाळ काही करत नाही. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "चमचे घासाले काय होते? दोन हात आहेत ना मले." तो गोंद मी पुढे प्रवासापुरता आणला, आईनं नाइलाजानं कपाटात ठेवू दिला.

महिन्याच्या तपासणीला वजन टिकलेलं निघालं. थोडं वाढलंही होतं. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, नळीची गरज नाही. बाबांना नीट ऐकू गेलं नाही, की पुन्हा ऐकायचं होतं, देव जाणे. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "नळी नाही, बाबा." त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरून ठेवला. मग मला रडू आलं, डॉक्टरांच्या समोरच. आवरलं नाही.

त्या रविवारी मी सकाळीच गेले, आणि फाटकातून आत शिरताना पाय थबकला. फोडणीचा वास येत होता. कितीतरी दिवसांनी. आईनं दोन पातेली चढवली होती. एकात बाबांचा एकजीव रस्सा, आणि दुसऱ्यात साधा, आमच्या घरचा, वर लाल थर आलेला. "आज तू पण जेव इथंच," ती म्हणाली, "आन् मले काही म्हणू नको. त्याइनंच सांगतलं, दोन पातेले ठेव."

जेवायला बसलो. बाबांपुढे त्यांची वाटी आणि चमच्यांचा गडवा. आईपुढे तिचा रस्सा, तर्रीसकट. बाबा तिच्या वाटीकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसे. मग त्यांनी गडव्यातून एक चमचा काढला, त्यांच्या त्या परत आलेल्या उजव्या हातानं, आणि आईच्या वाटीत घातला. तर्री बाजूला न सारता वरचीच भरून घेतली. मी म्हटलं, "बाबा, नाही." चमचा हलत होता, थेंब टेबलावर पडत होते.

त्यांनी तो चमचा स्वतःच्या तोंडाकडे नेलाच नाही. आईपुढे धरला. "तू खाय," ते म्हणाले. "इतके दिवस... फिकं खाल्लं. मले पाहू दे."

आईनं तोंड उघडलं आणि घास घेतला. बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "कशी... झाली?"

"तिखट झाली," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग बाबांच्या हातातला उष्टा चमचा काढून तिनं परातीत टाकला, गडव्यातून दुसरा घेतला, आणि त्यांच्या वाटीत घातला.